खालचा डावा कोपरा

कांजूरमार्गला पश्चिमेकडे उतरून लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दिशेने निघालं, की रिक्षांची रांग, वडापावच्या गाड्या आणि झेरॉक्सची दुकानं एका दमात ओलांडावी लागतात. त्यातलं एक दुकान जेमतेम दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढं. बाहेर फ्लेक्सवर कामांची यादी आहे: पॅनकार्ड, गॅझेटमध्ये नावबदल, शिष्यवृत्तीचे फॉर्म, भाडेकरार, रेल्वे तिकीट, लॅमिनेशन. आत दोन कॉम्प्युटर. जुन्यावर विंडोज १०, नव्यावर विंडोज ११. सकाळी दहाच्या गर्दीत जुन्या मशीनपुढे तीन गिऱ्हाइकं ताटकळत असतात आणि नव्या मशीनची खुर्ची रिकामी असते.

दुकान चालवणाऱ्या ताईंना यात नवल वाटत नाही. "नवीन मशीन फास्ट आहे, नाही म्हणत नाही. पण माझा हात तिथं चालत नाही," एवढं सांगून त्या पुढच्या गिऱ्हाइकाचं आधारकार्ड स्कॅनरवर पालथं घालतात.

'बदल' हा या अंकाचा विषय. बदल म्हटलं की मेट्रो, टॉवर, पुनर्विकास डोळ्यांपुढे येतात आणि कांजूरमध्ये त्यांची वाण नाही. पूर्वेला क्रॉम्प्टनच्या कारखान्याच्या जागेवर निवासी मनोरे उभे राहिले आहेत. पण दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसांना विचारलं तर त्यांच्या बोलण्यात वेगळाच बदल येतो. कॉम्प्युटरचं रूप. स्टार्टचं बटण सरकलं, मेनूतले शब्द गेले, अक्षर बदललं. या तक्रारी ऐकताना शिकलेली माणसं बहुतेक वेळा हसून सोडून देतात: सवय होईल, दुसरं काय! त्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्यातून कामाबद्दल, वेळेबद्दल आणि पैशाबद्दल बरंच कळतं.

हाताला ठाऊक असलेली जागा

दुकानातलं अर्थकारण सरळ आहे. फॉर्ममागे मिळणारे पैसे ठरलेले असतात. फॉर्म पाच मिनिटांत झाला काय आणि नऊ मिनिटांत झाला काय, गिऱ्हाईक तेवढेच देतं. २०२५च्या सप्टेंबरात 'लाडकी बहीण' योजनेचं ई-केवायसी सुरू झालं तेव्हा अशा दुकानांसमोर बायकांच्या रांगा लागल्या होत्या. सरकारी संकेतस्थळ अडकलं तर इलाज नसतो. पण आपलाच हात चुकून वेळ जायला लागला, की जीव कासावीस होतो.

हात चुकतो कुठे, हे ताईंच्या शेजारी उभं राहून पाहिलं की दिसतं. स्कॅन केलेली फाइल शोधायची असते. नजर गिऱ्हाइकाच्या कागदावर असते आणि उजवा हात माउस खाली डावीकडे ढकलतो. १९९५ साली विंडोज ९५ आली तेव्हापासून तिथं स्टार्ट होतं. विंडोज ११ मध्ये त्या कोपऱ्यात मुळात ते नाही. बटणांची रांग मधोमध आणून ठेवली आहे, आणि मधोमध असल्यामुळे जितक्या खिडक्या उघडाव्यात तितकं स्टार्ट आणखी डावीकडे सरकतं. सकाळी एक खिडकी उघडी असताना ते जिथं असतं, तिथं ते दुपारी सहा खिडक्या उघडल्यावर नसतं.

यामागे एक जुना नियम आहे. १९५४ मध्ये पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की एखाद्या ठिकाणी हात पोचायला लागणारा वेळ त्या ठिकाणाचं अंतर आणि आकार यांवर अवलंबून असतो. स्क्रीनचा कोपरा या हिशेबात सर्वांत सोयीचा पडतो. माउस कितीही जोरात ढकला, बाण कोपऱ्यापलीकडे जाऊ शकत नाही. नेम धरावा लागत नाही, बघावंही लागत नाही. मधल्या बटणावर मात्र थांबावं लागतं, त्यासाठी बघावं लागतं, आणि बघण्यासाठी गिऱ्हाइकाच्या कागदावरची नजर काढावी लागते. ताईंना फिट्सचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. "आता मला मान वर करावी लागते," असं त्या म्हणतात, तेव्हा त्या तोच नियम सांगत असतात.

दुसरी अडचण उजव्या क्लिकची. जुन्या मेनूत कट, कॉपी, रिनेम हे शब्द होते. विंडोज ११ ने सुरुवातीला त्यांच्या जागी वर एका ओळीत नुसती चित्रं ठेवली: कात्री, एकावर एक दोन कागद आणि अशीच आणखी. बाकीचे पर्याय 'शो मोअर ऑप्शन्स' या दारामागे गेले. इंग्रजी जेमतेम असलेल्या माणसाला चित्रं सोपी पडतील, असं दुरून वाटतं. प्रत्यक्षात उलटं घडलं. ताईंनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी क्लासमध्ये कॉम्प्युटर शब्द पाठ करून शिकला आहे. 'कॉपी' हा शब्द त्या वाचत नाहीत, ओळखतात. चित्राचा अर्थ मात्र प्रत्येक वेळी लावावा लागतो.

रंगाची तक्रार आणि जागेची तक्रार

लोक सगळ्याच बदलांवर कुरकुरतात आणि मग गप्प होतात, हा सर्वांत ऐकू येणारा युक्तिवाद. त्यासाठी विंडोज एक्सपीचा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली तेव्हा तिची निळी पट्टी आणि हिरवं बटण पाहून पुष्कळांनी नाकं मुरडली; लहान मुलांच्या खेळण्यासारखी दिसते, असं म्हटलं गेलं. पुढे तीच एक्सपी इतकी अंगवळणी पडली, की एप्रिल २०१४ मध्ये तिचा आधार संपल्यावरही कित्येक कार्यालयांतून ती हलेना. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात चार्ल्स ओरिअर यांनी टिपलेलं हिरव्या टेकडीचं तिचं चित्र आज कांजूरच्या दुकानदारांनाही जुन्या ओळखीचं वाटतं.

पण एक्सपीने काय बदललं होतं? मुख्यतः रंग, गोलाई, सावल्या. स्टार्ट होतं तिथेच राहिलं. शिवाय ज्याला रंग नको त्याच्यासाठी 'क्लासिक' हा जुना करडा वेष ठेवलेला होता. कित्येकांनी पहिल्याच दिवशी तो चढवला आणि काम पुढे चालू ठेवलं. असली तक्रार वर्ष-दोन वर्षांत विरून जाते, कारण डोळा लवकर सरावतो.

विंडोज ८ ची गोष्ट वेगळी. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी ती बाजारात आली तेव्हा स्टार्टचं बटणच काढून टाकलेलं होतं. टॅब्लेटचा काळ आला, बोटांनी चालणारा एकच चेहरा सगळ्या यंत्रांना हवा, असा कंपनीचा हिशेब. माउस आणि की-बोर्डवर पोट असलेल्यांना स्क्रीनभर रंगीत फरशा मिळाल्या. ही कुरकुर विरली नाही, वाढतच गेली. विंडोज विभागाचे प्रमुख स्टीव्हन सिनोफ्स्की पुढच्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडले. वर्षभराने ८.१ मध्ये बटण परतलं, पण दाबलं की पुन्हा त्याच फरशा. खरा मेनू परतला तो जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. मधल्या काळात 'क्लासिक शेल'सारखे बाहेरचे प्रोग्रॅम टाकून लोकांनी जुना मेनू स्वतःच उभा केला. गिऱ्हाइकाला विकत दिलेली वस्तू त्याने घरी नेऊन पूर्ववत करून घ्यावी, याहून स्पष्ट अभिप्राय कोणता असू शकतो?

रंगावरची तक्रार विरते. जागेवरची आणि शब्दावरची टिकते. विंडोज ११ च्या बाबतीतही हेच दिसलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती आली तेव्हा गोल कोपऱ्यांवर बोलणारे फार दिवस बोलले नाहीत. पण खालच्या पट्टीवर प्रत्येक खिडकीचं नाव वेगळं दिसण्याची जुनी सोय गेली होती, तिच्यासाठी लोक मागे लागले आणि २०२३ च्या शरदात ती परत आली. फाइल ओढून पट्टीवरच्या प्रोग्रॅमवर टाकण्याची सोय २०२२ मध्ये परतली. उजव्या क्लिकच्या चित्रांखाली शब्द यायला २०२४ उजाडलं. प्रत्येक वेळी वापरणारे बरोबर निघाले. मधल्या दोन-तीन वर्षांचा भुर्दंड मात्र बनवणाऱ्याला पडला नाही.

या मांडणीला आडवं येणारं एक उदाहरण आहे, ते टाळून चालणार नाही. २००७ च्या ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्टने वर्ड आणि एक्सेलचे सगळे मेनू मोडून 'रिबन' आणली. जागा बदलल्या, ओरड झाली, आणि तरीही रिबन राहिली. का राहिली याचं एक उत्तर शेजारच्या हिशेबनिसाच्या टेबलावर मिळतं. हे काका निवृत्त आहेत, आसपासच्या तीन-चार हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब लिहितात. एक्सेलमध्ये आकडे चिकटवताना ते आल्ट धरून ई, मग एस, मग व्ही दाबतात. ई म्हणजे एडिट मेनू, जो त्यांच्या स्क्रीनवर कित्येक वर्षांपासून नाही. तरी तो क्रम चालतो, कारण रिबन बनवणाऱ्यांनी जुन्या मेनूंच्या कळा जाणूनबुजून जिवंत ठेवल्या. डोळ्यांना नवं मिळालं, बोटांची जुनी वाट बुजवली नाही. स्टार्टच्या बाबतीत ही काळजी २०१२ मध्ये कुणी घेतली असती, तर मधली तीन वर्षं वाचली असती.

मंगलच्या ओळी

मराठी माणसाच्या कॉम्प्युटरवरचा सर्वांत मोठा दृश्य बदल कुठल्याच समारंभात जाहीर झाला नाही. तो अक्षराचा होता.

त्याचं मूळ कांजूर स्टेशनपासून लांब नाही. गांधीनगरचा चौक ओलांडून रिक्षा पवईच्या आयआयटीकडे जाते. तिथं १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे सगळे ज्याला नुसतं आयडीसी म्हणतात तिथं, र. कृ. जोशी १९८३ ते १९९६ या काळात शिकवत होते. कवी, सुलेखनकार, जाहिरात क्षेत्रातले जाणते, आणि भारतीय लिपी कॉम्प्युटरवर नीट उमटाव्यात यासाठी आयुष्य वेचलेला माणूस. 'मंगल' हा त्यांनी घडवलेला देवनागरी फाँट विंडोज २००० बरोबर जगभर गेला. पुढे बारा वर्षं विंडोजवर युनिकोड मराठी म्हणजे मंगल, असंच समीकरण होतं. टायपिंगवाल्यांच्या बोलण्यात अजूनही 'मंगलमध्ये करून द्या' याचा अर्थ 'युनिकोडमध्ये करून द्या' असा होतो.

विंडोज ८ पासून ती जागा 'निर्मला यूआय' या फाँटने घेतली. विंडोज १० मध्ये मंगल नव्या मशीनवर आपोआप येईनासा झाला. देवनागरीचे पुरवणी फाँट वेगळे उतरवून घेतले तरच तो मिळतो. निर्मला यूआय स्क्रीनवर अधिक स्वच्छ दिसतो, लहान आकारातही मात्रा-वेलांट्या गिचमिड होत नाहीत. डोळ्यांच्या दृष्टीने बदल चांगला, यात शंका नाही.

अडचण येते ती जुनी फाइल उघडल्यावर. मंगलच्या ओळी एकमेकींपासून बऱ्याच लांब पडतात. त्यात बसवलेलं दोन पानांचं प्रतिज्ञापत्र मंगल नसलेल्या मशीनवर उघडलं, की दुसरा फाँट त्याची जागा घेतो आणि मजकूर वर सरकतो. सहीची जागा भलतीकडे जाते, 'पान २ वरील परिशिष्ट' पहिल्याच पानाच्या तळाशी येतं. हिरव्या लेजर पेपरवर छापायचं असेल तर कागद वाया. वकिलांची कामं करणारे एक दादा या प्रकाराला कंटाळून सगळं पीडीएफ करूनच पाठवतात. पण समोरच्या वकिलाने दुरुस्ती सुचवली की वर्डची फाइल उघडावीच लागते.

अक्षराचा बदल रंगात मोडतो की जागेत? दिसायला तो पहिल्या प्रकारचा, परिणामाने दुसऱ्या. म्हणून तो फसवा आहे.

एक सोय मात्र अशी झाली, जिची मागणी दुकानांतून कुणी केली नव्हती आणि जी हवीच होती. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे. शाळेत गिरवलेली ही अक्षरं स्क्रीनवर हिंदी वळणाने दिसत आणि आपण ती मुकाट वाचत होतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेची मानक रूपं ठरवून दिली. आताच्या चांगल्या युनिकोड फाँटांत दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी वळण उमटतं. दुकानांत ती नोंद बहुतेक वेळा हिंदी अशीच राहिलेली असते. दादांना हे दाखवल्यावर त्यांनी तीच ओळ दोनदा टाइप करून दोन्ही ल शेजारी ठेवून पाहिले, आणि मराठी वळणाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा आपला."

पूर्वेचा क्लास

रुळांच्या पलीकडे, कांजूर पूर्वेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास चालतो. महाराष्ट्रात सरकारी नोकरीची आशा धरणाऱ्याला एमएस-सीआयटी किंवा तत्सम कॉम्प्युटर-प्रमाणपत्र बहुतेक वेळा लागतं, त्यामुळे २००१ पासून असे क्लास गावोगाव आहेत. इथं सकाळच्या तुकडीला बारावी झालेली मुलंमुली, दुपारच्या तुकडीला गृहिणी.

मुलांना स्टार्ट मधोमध आहे की कोपऱ्यात, याचं काही वाटत नाही. ती बटणाकडे जातच नाहीत. विंडोजची कळ दाबायची, दोन अक्षरं टाइप करायची, एंटर. त्यांचा पहिला कॉम्प्युटर म्हणजे वडिलांचा फोन होता, आणि शाओमीवरून सॅमसंगवर, सॅमसंगवरून रियलमीवर उड्या मारताना दर वेळी नवा चेहरा त्यांनी पाहिला आहे. जागा लक्षात ठेवण्यापेक्षा शोधणं त्यांना सोपं वाटतं. विंडोज ११ कशी दिसते, असं विचारल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी "फोनसारखी" म्हणाली. तिच्या बोलण्यात कौतुक होतं.

दुपारच्या तुकडीत शिकवणाऱ्या बाई एक गोष्ट आवर्जून सांगतात. त्यांच्या विद्यार्थिनी वहीत पायऱ्या लिहून घेतात: 'खाली डाव्या बाजूला क्लिक करणे, मग प्रोग्रॅम्स, मग...' घरी गेल्यावर मुलाच्या लॅपटॉपवर त्या पायऱ्या जुळत नाहीत, आणि चूक आपलीच असं समजून त्या लॅपटॉप बंद करतात. पुढच्या दिवशी वर्गात विचारायलाही लाजतात. पंचेचाळिसाव्या वर्षी धीर करून क्लासला आलेल्या बाईचा तो धीर एका सरकलेल्या बटणाने खचतो. बाईंनी आता वहीत पायऱ्यांऐवजी चिन्हाचं चित्र काढून घ्यायला सुरुवात केली आहे. जागा सांगणं त्यांनी सोडून दिलं आहे.

काचेपलीकडची अक्षरं

विंडोजवाल्यांची ही कथा, मग सफरचंदवाल्यांची काय? हप्त्यावर घेतलेला आयफोन आता कांजूरला लोकलमध्ये चढणाऱ्या कुणाच्याही हातात दिसतो. जून २०२५ मध्ये ॲपलने 'लिक्विड ग्लास' नावाचं नवं रूप जाहीर केलं आणि सप्टेंबरात आयओएस २६ बरोबर ते फोनांत उतरलं. बटणं, पट्ट्या, सूचना, सगळं काचेचं. मागचं चित्र आरपार दिसतं. दुकानाच्या शोकेसमध्ये सुंदर. लोकलच्या दाराशी उभं राहून, उन्हात, धक्के खात सूचना वाचायची झाली तर मागच्या फोटोतून अक्षरं वेचावी लागतात.

इथं तक्रार वाचण्याची होती, आणि ती लवकर पोचली. नोव्हेंबर २०२५ च्या २६.१ आवृत्तीत काच गडद करण्याचा पर्याय आला. २०१३ मध्येही असंच झालं होतं: आयओएस ७ च्या सरकत्या, झूम होणाऱ्या हालचालींनी काहींना गरगरायला लागलं, तेव्हा काही आठवड्यांतच त्या सौम्य करण्याची सोय झाली. पर्याय दिला की भांडण मिटतं, हे कंपन्यांना पुरतं ठाऊक आहे. तो पहिल्याच दिवशी द्यायला काय हरकत असते, हे कळत नाही.

वर्णमालेपासून सुरुवात

वापरणाऱ्याचा हात आधी पाहून मग रेखाटायला बसायचं, ही शिस्त पवईच्या आयडीसीमध्ये शिकवली जाते. पद्धत दिसायला साधी आहे. माणसाला खरं काम द्यायचं, शेजारी गप्प बसायचं, मदत करायची नाही. तो कुठे अडला, किती वेळ गेला, काय पुटपुटला ते लिहायचं. आवडलं का, हा प्रश्न सर्वांत शेवटी, कारण आवडण्याचं उत्तर माणसं भिडेखातर देतात.

तिथल्याच अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'स्वरचक्र' हा फोनचा मराठी की-बोर्ड या शिस्तीतून आला. इंग्रजी की-बोर्डच्या चौकटीत देवनागरी कोंबण्याऐवजी त्यांनी व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडली: क ख ग घ एका ओळीत, च छ ज झ पुढे. अक्षरावर बोट टेकवलं की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उमलते, बोट हव्या मात्रेकडे सरकवायचं. ज्या बाईने आयुष्यात टाइप केलेलं नाही तिलाही क नंतर ख येतो हे माहीत असतं. रूप संपूर्ण नवं, पण जागा तिच्या ओळखीच्या. दुपारच्या तुकडीतल्या दोघींच्या फोनवर तो आहे आणि त्यांनी तो शिकून घेतल्याचं त्यांना आठवतच नाही.

तक्रार कुणाकडे जाते

विंडोजमध्ये अभिप्राय कळवण्यासाठी 'फीडबॅक हब' नावाचा प्रोग्रॅम असतो. ताईंनी, हिशेबनीस काकांनी, वकिलांच्या दादांनी तो कधी उघडलेला नाही. त्यांची तक्रार भांडुपहून स्कूटरवर येणाऱ्या हार्डवेअरवाल्याकडे जाते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून त्याला उसंत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, आणि दुकानांतली बहुतेक मशीन त्याहून जुनी. मायक्रोसॉफ्टची सामान्य ग्राहकांसाठीची सुरक्षेची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यामुळे रूप नको असलं तरी मशीन घ्यावं लागतं, आणि मशीनबरोबर रूप येतं.

हा तरुण नवं मशीन गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी काही कामं न सांगता उरकतो. खालच्या पट्टीवरची बटणं डावीकडे आणतो. खिडक्यांची नावं वेगवेगळी दिसतील असं करतो. 'धिस पीसी' डेस्कटॉपवर ठेवतो, कारण जुने लोक तिथूनच सुरुवात करतात. शिफ्ट दाबून उजवं क्लिक केलं की जुना मेनू सरळ उघडतो, हे दाखवून देतो. दुकान मराठी कामाचं असेल तर इंटरनेटवरून मंगल उतरवतो आणि जुनी एक फाइल उघडून पान जुळतंय का बघतो. वॉलपेपरला तो हात लावत नाही. त्याबद्दल अजून कुणी काही म्हटलेलं नाही, असं तो सांगतो.